पुणे जिल्ह्यातल्या समाध्या आणि कबरी : नोंदणीच्या कामाची रोजनिशी

२४ नोव्हेंबर २०२४

काम काय ते आधी सांगते. पुणे शहरात आणि जिल्ह्यात ज्यांची समाधी, कबर किंवा छत्री आहे अशा नामवंतांची यादी करायची. नाव, मृत्यूची तारीख, नेमकी जागा, फोटो आणि दगडावर जे कोरलंय ते जसंच्या तसं. यादी कुणालाही उघडता यावी म्हणून साधी स्प्रेडशीट. गटात एक निवृत्त भूमापक काका, इतिहासात एम.ए. करणारी एक मुलगी, फोटो काढणारा एक मित्र आणि मी. दुसऱ्या जिल्ह्यात कुणाला हेच काम करायचं असेल तर आमचा वाया गेलेला वेळ त्यांचा वाचावा, म्हणून या नोंदी.

सुरुवात नेटवरच्या याद्या गोळा करण्यापासून केली. नावं भरपूर मिळाली, पण ठिकाणाच्या रकान्यात बहुतेकांपुढे नुसतं 'पुणे'. एवढ्यावर कुणी जागेवर पोचू शकत नाही. पेठ, रस्ता, आवार, आवारातली दिशा इतकं लिहायचं असं ठरवलं.

२८ नोव्हेंबर

महात्मा फुल्यांचा स्मृतिदिन. सकाळी लवकर गंज पेठेतल्या फुले वाड्यात गेलो, कारण नंतर गर्दीत माप घेता येत नाही. मागच्या अंगाला समाधी आहे. फोटो झाले, पण तक्ता इथंच अडला. आमच्या रकान्याचं नाव होतं 'दफनस्थळ'. जोतीरावांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की देह जाळू नये, घरामागे मिठात पुरावा. वस्तीतल्या जागेत पुरायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही, म्हणून १८९० मध्ये दहन झालं आणि रक्षा इथं आणून ठेवली. अंत्ययात्रेत भाऊबंदांनी वाद घातला तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं (प्रेतापुढे धरायचं विस्तवाचं मडकं) धरलं.

म्हणजे त्यांना हवं होतं दफन, झालं दहन, आणि आपण तक्त्यात 'दफनस्थळ : फुले वाडा' लिहिलं की त्यांची इच्छा, नाकारलेली परवानगी, सावित्रीबाईंचं धैर्य, सगळं एका शब्दाखाली गडप. एम.ए.वाली मुलगी म्हणाली, "ताई, असं लिहिलं तर यादी न केलेली बरी." तिचं बरोबर आहे.

१ डिसेंबर

तक्ता नव्याने मांडला. 'दफनस्थळ' काढलं, त्या जागी 'इथे काय आहे' हा रकाना. पर्याय असे : देह पुरलेला आहे, अस्थी किंवा रक्षा आहे, दहन इथे झालं, संजीवन समाधी, फक्त स्मारक, देह दुसरीकडे. शेवटी 'परंपरेने मानतात' अशी वेगळी खूण, ती कुठल्याही पर्यायासोबत लावता येते.

संजीवन समाधीवर थोडी चर्चा झाली. आळंदीला ज्ञानेश्वर माउली (शके १२१८), सासवडला सोपानकाका, चिंचवडला मोरया गोसावी. या जागा 'देह पुरलेला' या खान्यात टाकायला काकांचा सक्त विरोध होता आणि मलाही तो पटला. वारकऱ्याच्या दृष्टीने माउली आजही तिथं आहेत. नोंदणी करणाऱ्याने ते खोडायचं नसतं. वेगळा पर्याय ठेवला आणि पुढे सरकलो.

हे आधीच केलं असतं तर तोवर भरलेल्या सगळ्या ओळी पुन्हा भराव्या लागल्या नसत्या. कुणी नव्याने सुरू करणार असेल तर पहिल्या दिवसापासून हाच रकाना घ्या.

८ डिसेंबर

आगाखान पॅलेस आणि खडकी. दोन्ही ठिकाणी काम झटपट झालं, कारण देखभाल आहे, फलक आहेत, विचारायला माणूस आहे. पॅलेसच्या आवारात महादेवभाई देसाई (१५ ऑगस्ट १९४२) आणि कस्तुरबा (२२ फेब्रुवारी १९४४) यांच्या समाध्या. दोघंही स्थानबद्धतेत असताना गेले आणि अंत्यसंस्कार तिथंच झाले.

खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६०० हून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत. राष्ट्रकुल युद्धकबर आयोग त्या सांभाळतो. प्रत्येक नाव आयोगाच्या संकेतस्थळावर रांग आणि क्रमांकासह शोधता येतं, त्यामुळे इथं आम्ही एकेक दगड उतरवत बसलो नाही. पण त्याच आवारातलं पहिल्या महायुद्धाचं स्मारक नीट समजून घ्या. त्यावर १,८०० हून अधिक नावं आहेत आणि त्यातलं कुणीही त्या दगडाखाली नाही. हिंदुस्थानात आणि आजच्या पाकिस्तानात ठिकठिकाणच्या छावण्यांमध्ये त्यांना पुरलं, त्या कबरींची निगा राखणं पुढे शक्य राहिलं नाही, म्हणून नावं इथं एकत्र आणली. नेटवरच्या एका यादीत ही सगळी 'खडकी येथे दफन' म्हणून आली आहेत. आमच्याकडे 'फक्त स्मारक'.

१५ डिसेंबर

आजची नोंद लांब आहे, कारण इथंच सर्वात जास्त वेळ गेला.

कॅम्पाकडच्या एका जुन्या ख्रिस्ती दफनभूमीची परवानगी. तोंडी 'या की' म्हणाले होते, दारावर गेल्यावर लेखी पत्र मागितलं. पत्र दिलं, ते ज्यांच्या सहीला जायचं ते गावाला. असे तीन आठवडे गेले. कुणाची तक्रार नाही, पण तुम्ही हे काम कराल तेव्हा अर्ज सर्वात आधी टाका आणि पोच घ्या.

आत गेल्यावर फोटो दुपारी काढले, ते सगळे बाद. ऊन डोक्यावर असलं की खोदलेल्या अक्षरांत सावली पडत नाही आणि दगड सपाट दिसतो. उजेड बाजूने, जवळजवळ दगडाला घासून यायला हवा. काही दगड सकाळी आठ-साडेआठला आपोआप वाचता येतात. उरलेल्यांसाठी लोहिया नगरमधून दीड बाय दोन फुटांचा आरसा करून आणला, १८० रुपये. एकाने आरसा उन्हात धरून कवडसा कडेने दगडावर सोडायचा, दुसऱ्याने फोटो काढायचा. जी ओळ दुपारी दिसतच नव्हती तिच्यातला महिना आणि साल दोन्ही मिळाले. दाट झाडीत आरशाचा उपयोग नाही, तिथं संध्याकाळी टॉर्च आडवा धरायचा.

दगड साफ करण्याबद्दल. नुसतं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश, वरून खाली नाही, तर खालून वर, म्हणजे मळकट पाण्याचे ओघळ कोरड्या दगडात मुरत नाहीत. तारेचा ब्रश, ॲसिड, फरशी धुण्याचं द्रव यांतलं काहीही दगडाला लावायचं नाही. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ घासायची पद्धत काही जण सांगतात, तीही नको. संगमरवर दीडशे वर्षं पावसात आधीच झिजलाय, आपल्या हातून त्याचा आणखी एक थर जायला नको. शेवाळ घट्ट असेल तर तसंच राहू द्या आणि रकान्यात 'वाचता आलं नाही' लिहा.

एक गोष्ट मात्र जवळून बघण्यासारखी. पांढऱ्या संगमरवरावर अक्षरं पुष्कळदा शिशाची असतात. दगडात अक्षराची उथळ खाच करून तळाशी बारीक भोकं पाडतात आणि त्यांत शिसं ठोकून बसवतात. काळाच्या ओघात शिसं गळून पडतं किंवा कुणी काढून नेतं. एका सार्जंटच्या बायकोच्या दगडावर तिच्या नावाची पाच अक्षरं अशीच गेलेली होती, आणि शेवाळाखाली खाचेच्या कडाही धड दिसत नव्हत्या. काकांनी नखाच्या टोकाएवढी ती भोकं कागदावर एकेक उतरवली. तीन भोकं उभी नि दोन आडवी, इथं अमुक अक्षर. वळणावर चार, तिथं तमुक. तासाभरात नाव लागलं. ती कुणी नामवंत नव्हती, आमच्या यादीच्या निकषात बसत नाही, तरी तिची ओळ आम्ही वेगळ्या पानावर ठेवली. वय तेवीस, आणि शेजारी तिच्याच आडनावाच्या सात दिवसांच्या बाळाचा दगड.

२२ डिसेंबर

सेंट मेरीज चर्च. १८२५ मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते याचा अर्पणविधी झाला. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ मध्ये दापोडीला वारले, त्यांना इथं पुरलं. चर्चच्या भिंतींवर संगमरवरी स्मृतिफलक पुष्कळ आहेत आणि घोळ तिथंच होतो. फलकावर नाव आणि तारीख असते म्हणून लोक ती कबर धरतात, पण त्यातले अनेक अधिकारी लढाईत किंवा प्रवासात दुसरीकडेच मेलेले. फलकावरचा मजकूर शेवटपर्यंत वाचा, कुठं मृत्यू झाला ते बहुधा खालच्या ओळींत असतं.

दफननोंदवही कुठं हरवली असेल तर एक वाट आहे. कंपनीच्या आणि नंतर सरकारच्या काळात प्रत्येक पाद्र्याला बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींची नक्कल वर पाठवावी लागे. मुंबई इलाख्याच्या त्या नकला लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात 'एन/३' या मालिकेत आहेत. पुण्यात वाळवीने खाल्लेलं पान तिथं शाबूत सापडू शकतं.

लाल देवळात (ओहेल डेव्हिड सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ) डेव्हिड ससून यांची कबर सिनेगॉगच्या शेजारी, स्वतंत्र वास्तूत. ते पुण्यातच १८६४ मध्ये गेले, देऊळ पुरं झालं १८६७ मध्ये. सुरक्षेमुळे आधी परवानगी आणि ओळखपत्र लागतं.

२९ डिसेंबर

थेऊर. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ ला इथं गेले, रमाबाई सती गेल्या. नदीकाठी समाधी. जागेचं काम तासाभराचं, पण तारखांचं काम आठवडाभर पुरलं.

आमच्या तक्त्यात दोन माणसांनी भरलेल्या तारखा एकमेकींशी जुळत नव्हत्या. पहिल्या बाजीरावांचा मृत्यू एकीकडे २८ एप्रिल १७४०, दुसरीकडे ९ मे १७४०. दोन्ही बरोबर आहेत. इंग्रजांनी १७५२ मध्ये पंचांग बदललं, जुनी ज्युलियन गणना सोडून आजची ग्रेगोरियन घेतली. त्याआधीच्या आपल्या तिथ्यांच्या तारखा मराठी अभ्यासकांनी बहुतेक जुन्या गणनेने दिल्यात, ती अठराव्या शतकात अकरा दिवस मागे आहे आणि सतराव्यात दहा दिवस. संभाजी महाराजांची ११ मार्च १६८९ ही जुन्या गणनेतली, आजच्या हिशेबाने २१ मार्च. पोर्तुगीज मात्र १५८२ पासून नव्या गणनेने लिहितात, म्हणून गोव्याची कागदपत्रं वापरताना पुन्हा सांभाळावं लागतं.

यावरचा उपाय : मुख्य रकान्यात तिथी आणि शक. वैशाख शुद्ध १३, शके १६६२. फाल्गुन वद्य ३०, शके १६१०. तिथी बदलत नाही. इंग्रजी तारीख पुढच्या रकान्यात, गणना कुठली ते लिहून. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, पण पौषापासून फाल्गुनापर्यंत जिथं १ जानेवारी उलटली असेल तिथं ७९. संभाजी महाराजांचं साल आमच्याकडे १६८८ पडलं होतं ते यामुळेच. माधवरावांच्या तारखेला हा प्रश्न नाही, कारण ती १७५२ नंतरची.

५ जानेवारी २०२५

वडगाव मावळ. कॅप्टन जेम्स स्टुअर्ट, आपला इष्टूर फाकडा. जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ मराठ्यांच्या तोफेच्या गोळ्याने पडला. त्यानंतर थोड्याच दिवसांत इंग्रजांना वडगावचा तह करावा लागला. समाधी सरकारी आवारात आहे, विचारताच एक पोलीस दादा स्वतः दाखवायला आले. "फाकड्याकडं आलाय व्हय? चला." ज्या सैन्याने त्याला मारलं त्यानेच त्याला 'फाकडा' म्हटलं आणि त्याच मुलखाने त्याची समाधी जपली. शूर शत्रूला मान देणारी ही रीत मला फार मोलाची वाटते, तक्त्यात ती कुठल्या रकान्यात बसवायची ते मात्र ठरेना. त्यावरून एक रकाना वाढवला : 'निगा कोण राखतं'.

आधी वाटलं होतं हा जादाचा रकाना. आता म्हणते, स्थळाच्या पुढची पन्नास वर्षं यावरच ठरतात. सरकार, ट्रस्ट, घराणं, गावकरी, कुणीच नाही. मागच्या सगळ्या ओळींसाठी पुन्हा फोन करून ही माहिती भरली. वानवडीला महादजी शिंद्यांच्या छत्रीचं उत्तर एका वाक्यात मिळालं, कारण घराण्याने जागा सोडलेली नाही. काही ठिकाणी फोन घेणारंच कुणी नव्हतं.

१२ जानेवारी

पाबळ, तालुका शिरूर. मस्तानीची कबर.

बाजीराव रावेरखेडीला नर्मदाकाठी गेले, त्याच वर्षी मस्तानीही गेली. पाबळ तिला इनाम होतं. साधा दगडी चौथरा, आजूबाजूला भिंत. एवढ्या गाजलेल्या बाईची जागा म्हणून जे लोक येतात ते काहीतरी भव्य शोधतात आणि पाच मिनिटांत फोटो काढून जातात, असं शेजारच्या घरातल्या आजी सांगत होत्या. आम्ही माप घेत होतो तर त्या चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "बाळांनो, नीट लिहा हो. लोक तिच्याबद्दल काहीबाही लिहितात." गावात कुणी हिला समाधी म्हणतं, कुणी मजार. हार वाहिलेला होता आणि उदबत्तीही.

तांत्रिक अडचण : मोबाइलचं जीपीएस आवारात वीस मीटर इकडेतिकडे उडत होतं, मोबाइल जुना. घाईने पहिलाच आकडा टिपला तर नकाशावर कबर रस्त्यापलीकडे जाते. पाच मिनिटं मोबाइल एकाच जागी दगडावर ठेवा, अचूकतेचा आकडा पाच मीटरच्या आत येऊ द्या, मग नोंदवा. तेही जमलं नाही तर काकांची पद्धत : आवाराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून टेपने अंतर मोजायचं. दोन अंतरं आणि दिशा मिळाली की जागा पक्की. दाट वस्तीत तर हाच एक उपाय आहे. ओंकारेश्वराजवळच्या चिमाजी अप्पांच्या समाधीला आणि चार बावडीच्या बाबाजानच्या दर्ग्याला (१९३१) इमारतींच्या गर्दीत जीपीएस टिकेना, टेपनेच काम झालं.

१९ जानेवारी

केडगाव. दौंडच्या गाडीने जा, स्टेशनपासून जवळ आहे. पंडिता रमाबाई, ५ एप्रिल १९२२, मुक्ती मिशन. आधी पत्र पाठवलं होतं, त्यांनी प्रेमाने सगळं दाखवलं. जिने हजारो बायकामुलींना दुष्काळात आणि वैधव्यात आसरा दिला, शेवटी संपूर्ण बायबल मराठीत आणलं, तिची जागा त्याच बायकांच्या वस्तीत असावी हे फार योग्य आहे. नोंद एका तासात पूर्ण. निगा : संस्था.

२६ जानेवारी

आज बाहेर गेलो नाही. पुण्याची माणसं, पण ज्यांची जागा पुण्यात नाही, त्यांचं वेगळं पान केलं. लोक त्यांना इथं शोधत येतात, त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही.

डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात गेल्या, २६ फेब्रुवारी १८८७, वय अवघं एकवीस. दहन इथं झालं, पण अस्थी अमेरिकेत त्यांना आधार देणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीच्या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. परक्या देशातल्या एका घराने आपल्या मुलीसारखी तिला जागा दिली. पुण्यात तिच्या नावाचा साधा दगड कुठं सापडतो का ते अजून शोधतोय.

मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले. कबर सापडली नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर. हे पुण्याचे नाहीत, माणगावकडचे, पण खडकीला येणारे त्यांचं नाव विचारतात म्हणून घेतलं. मुस्लिम सत्यशोधक मंडळाचे हमीद दलवाई, ३ मे १९७७, मुंबई. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन, त्यामुळे कबर नाही. ती नसणं हा त्यांचा निर्णय होता आणि तसंच लिहिलं.

१७ फेब्रुवारी

लहुजी वस्ताद साळव्यांचा स्मृतिदिन, १८८१. संगमवाडीची समाधी. नेटवरच्या ज्या याद्यांपासून सुरुवात केली होती त्यातल्या एकीतही हे नाव नव्हतं. इथं मात्र सकाळपासून माणसांची रीघ, लेझीम, हलगी, लहान पोरांच्या हातात दांडपट्टे. ज्यांच्या तालमीत फुले शिकले त्यांची जागा यादीतून सुटते आणि गव्हर्नरची सापडते, याचं कारण इतकंच की गव्हर्नरची नोंद इंग्रजीत छापलेली आहे. तेव्हा कागदावरून यादी करू नका. स्मृतिदिन बघा, त्या दिवशी गर्दी कुठं जाते ते बघा, मग कागद उघडा. हे आधी सुचलं असतं तर डिसेंबरचं अर्धं वेळापत्रक वेगळं झालं असतं.

गर्दीत मजकूर उतरवता आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन केला.

२ मार्च

खर्च : पेट्रोल आणि एसटी-रेल्वे मिळून साडेचार हजार, आरसा, ब्रश, टेप आणि टॉर्च १,१५०, छपाई आणि पत्रव्यवहार सहाशे. कॅमेरा होता. सर्वात महाग पडला तो परवानग्यांमधला वेळ.

हंगाम : दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात गवत कमरेएवढं, साप, आणि ओला दगड वाचता येत नाही. मार्चपासून दहा वाजताच ऊन चढतं.

सिंहगडावरच्या राजाराम महाराजांच्या आणि तानाजींच्या समाध्यांचे फोटो गर्दीमुळे नीट आले नाहीत, एखाद्या आडवारी पहाटे जावं लागेल. जुन्नर, भोर, इंदापूर हे तालुके बाकी आहेत. जुन्नर पावसाआधी करतो, भोर दिवाळीनंतर. तक्ता ज्यांना हवा त्यांना देतोय, अट एकच : 'इथे काय आहे' आणि 'निगा कोण राखतं' हे दोन रकाने काढून टाकायचे नाहीत.